पित्त म्हणतात त्याला

गोकर्णाबाई सपकाळे, वय बावन्न, नशिराबाद.
रात्री अडीचला रिक्षातून उतरल्या त्या वाकूनच,
पोटाशी उशी आवळून.
खाटेवर आडव्या व्हायलाच तयार होईनात.
"निजलं का पाठीतून आरपार जाते वो माय,
बसू दे मले. अशीच बसू दे."

मे महिना. जळगावचं डांबर
अजून दिवसाची उष्णता सोडत होतं.
संध्याकाळी भाचीचा साखरपुडा,
आमरस-पुरी, तेलात बुडालेली शेवभाजी.
मुलगा हेमराज म्हणाला,
"मॅडम, पित्तच आहे. जुनं आहे तिचं."

पित्त.
आमच्याकडे सगळ्यालाच म्हणतात.
डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त.
सासू बोलली तरी तेच खवळतं.
तेरा दिवसांपूर्वीच्या केसपेपरवरही तोच शब्द,
अक्षर माझं.
जळजळ. गोळ्या, पाच दिवस.
पाठीत जातं का, हे विचारलं नव्हतं.
रांग गेटापर्यंत होती.
हे कारण नाही. नुसतं सांगते आहे.

नाडी एकशे अठरा. डोळ्यांत हळदीची पुसट छटा.
दारूचं विचारावं लागतं, विचारलं.
त्या कळेतही हसल्या:
"माह्या वाटची बी आमच्या मालकानंच पेली, अन् गेला."

लायपेज दोन हजारांच्या वर.
सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसलंच नाही,
गॅसने झाकलेलं.
पण पित्ताशयाच्या काळ्या डोहात
पांढरे ठिपके,
आणि प्रत्येकामागे एक लांब सावली,
ठिपका एवढासा आणि सावली केवढी!

हेमराजला कसं सांगायचं?
आई पंचवीस वर्षं डाळमिलमध्ये,
सुपात तूर घेऊन खडे निवडते.
म्हटलं, समज, हॉपरच्या तोंडाशी खडा अडकला
आणि पट्टा चालूच आहे.
मागून येणारा माल जाईल कुठे?
जो रस अन्न पचवायला निघाला होता
तो आता घरच पचवायला बसलाय.
तो बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "अँटिबायोटिक भारीतलं लावा."
म्हटलं, आत्ता नको. आत्ता पाणी.

तर पाणी. शिरेतून, बाटलीमागून बाटली,
आणि तोंडाला थेंब नाही.
पंचेचाळीस डिग्रीत, ओला कापूस ओठांवर.
दर तासाला लघवीची पिशवी उजेडात धरायची,
किती उतरली, रंग काय,
सोनाराने तोळा बघावा तसं.
दुखण्याचं इंजेक्शन. परत नाडी. परत पिशवी.
पहाटे चारला साठ मिली आली
आणि सिस्टर उज्ज्वला मला न विचारता चहा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पातळ पेज मागून घेतली.
तिसऱ्या दिवशी डोळे पांढरे व्हायला लागले.
खडा आपणच पुढे आतड्यात घसरला असावा.
दुर्बिणीसाठी नाशिकला न्यायची वेळ आली नाही.
चौथ्या दिवशी हेमराजने पिशव्या भरल्या.
"दुखणं थांबलं ना? ऑपरेशन दिवाळीनंतर बघू."

मी सांगत होते, पुन्हा येतं,
पुढच्या खेपेला एवढ्यावर निभावेल असं नाही.
आकडे सांगत होते. तो मान हलवत होता,
न ऐकणारा माणूस हलवतो तशी.

तेव्हा गोकर्णाबाई खाटेवरून म्हणाल्या,
"एक खडा निंघाला म्हंजे पोतं साफ झालं का रे?
पुऱ्या जल्मात तू एक सूप तरी पाखडलं का?"
आणि पिशवीतलं लुगडं काढून परत उशाशी ठेवलं.

सातव्या दिवशी चार छोट्या छिद्रांतून पिशवी काढली.
बाटलीतले खडे मागून घेतले त्यांनी,
तळहातावर ओतले,
अंगठ्याने बाजूला सारत गेल्या, सवयीने.
"सतरा," म्हणाल्या. "आन् हे माह्यापासून सुटले कसे?"

मला उत्तर देता आलं नाही.
तेरा दिवसांपूर्वीचा केसपेपर
फाइलमध्ये आहे. फाडला नाही.

आज ओपीडीत रांग परत गेटापर्यंत.
आसोद्याची एक बाई बसता बसता म्हणाली, "पित्त झालंय."
हात गोळ्या लिहायला निघालाच होता.
"पाठीत जातं का?"